बॉयकॉट : एका आडनावाचे शस्त्र झाले तेव्हा

वृत्तपत्रांच्या मथळ्यांतून, मोर्चांतील फलकांवरून आणि अलीकडे भ्रमणध्वनीवरील संदेशांतून रोज भेटणारा 'बॉयकॉट' हा इंग्रजी शब्द मुळात एका माणसाचे आडनाव आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. क्रिकेटरसिकांना या आडनावासरशी इंग्लंडचा चिवट सलामीवीर जेफ्री बॉयकॉट आठवेल. परंतु ज्याच्या नावाचे जगातील अनेक भाषांत क्रियापद झाले, तो चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट त्याच्या शंभर वर्षे आधीचा. आयर्लंडमधील एका जमीनदाराचा कारभार पाहणे एवढेच त्याचे काम. त्याने कोणता विचार मांडला नाही की कोणता लढा जिंकला नाही. त्याच्याविरुद्ध एक लढा जिंकला गेला आणि त्या पराभवाने त्याचे नाव अजरामर केले.

या शब्दाची जन्मकथा रंजक आहे. पण तिचे महत्त्व रंजनापुरते नाही. जन्मानंतर पंचवीस वर्षांच्या आत हा शब्द भारताच्या राजकारणात आला आणि त्याच्या अर्थावरून गोखले आणि टिळक या दोन थोर महाराष्ट्रीयांत मतभेद झाला. महाराष्ट्राच्या गावगाड्यात तर त्या शब्दामागची कृती फार पूर्वीपासून रूढ होती आणि तिच्याविरुद्ध कायदा करण्याची वेळ २०१६ मध्ये राज्यावर आली. एकाच शब्दात मुक्तीचे साधन आणि जुलमाचे साधन अशा दोन्ही गोष्टी कशा मावतात, याचा उलगडा त्याच्या इतिहासातच होतो.

लॉफ मास्कचा कारभारी

एकोणिसाव्या शतकातील आयर्लंडमध्ये जमीन कसणारा एक आणि जमिनीचा धनी दुसराच, अशी स्थिती होती. बहुसंख्य शेतकरी कुळे होती. अनेक जमीनदार आपल्या जमिनीपासून दूर, कित्येक तर इंग्लंडमध्ये राहत आणि खंडवसुलीसाठी कारभारी नेमत. खंड थकला की कुळाला घरासह बाहेर काढले जाई. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली होती आणि तितकीच देशोधडीला लागली होती. ती आठवण ताजी असतानाच १८७९ मध्ये पुन्हा पीक बुडाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मायकेल डेव्हिट याच्या पुढाकाराने 'लँड लीग' ही शेतकऱ्यांची संघटना स्थापन झाली आणि चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल तिचा अध्यक्ष झाला.

बॉयकॉट हा जन्माने इंग्रज. त्याचा जन्म १८३२ मध्ये नॉरफोकमधील. काही काळ लष्करात काढून तो आयर्लंडमध्ये स्थायिक झाला होता आणि मेयो परगण्यात लॉफ मास्क सरोवराकाठी लॉर्ड अर्न या जमीनदाराची जमीन सांभाळत होता. जमीनदार स्वतः दूर फर्मानाह परगण्यात राही. पीक बुडाल्यामुळे लॉर्ड अर्नने खंडात दहा टक्के सूट देऊ केली. कुळांनी पंचवीस टक्के मागितली. ती नाकारली गेली आणि बॉयकॉटने अकरा कुळांवर जमीन खाली करण्याच्या नोटिसा काढल्या.

या नोटिसा निघण्याच्या सुमारासच, १९ सप्टेंबर १८८० रोजी, एनिस या गावी पार्नेलची सभा झाली. बेदखल झालेल्या कुळाची जमीन जो दुसरा कोणी घेईल त्याचे काय करायचे, असा प्रश्न त्याने जमावाला विचारला. गोळी घाला, असे काही जण ओरडले. पार्नेलने यापेक्षा चांगला आणि ख्रिस्ती माणसाला शोभणारा मार्ग सांगितला : अशा माणसाशी रस्त्यात बोलू नका, दुकानात व्यवहार करू नका, बाजारात त्याच्याजवळ उभे राहू नका, प्रार्थनामंदिरातही त्याला एकटे सोडा. हा उपदेश जमीन लाटणाऱ्या शेतकऱ्याला उद्देशून होता. त्याचा पहिला गाजलेला प्रयोग मात्र जमीनदाराच्या कारभाऱ्यावर झाला.

तीनच दिवसांनी, २२ सप्टेंबरला, नोटिसा बजावणारा माणूस पोलिसांच्या बंदोबस्तात निघाला. तीन नोटिसा बजावून झाल्या आणि पुढच्या घरी बायकांनी दगड व चिखल फेकून त्याला पिटाळले. दुसऱ्या दिवशी जमाव बॉयकॉटच्या घरी गेला व नोकरचाकरांना काम सोडण्यास सांगितले. गड्यांनी काम सोडले. लोहार घोड्यांना नाल ठोकेना, परटीण कपडे धुईना, टपाल पोचवणारा मुलगा येईना, बॅलिनरोबचे दुकानदार वाणसामान देईनात. शेतातले पीक काढायला माणूस मिळेना. बॉयकॉटने लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहून आपली कैफियत मांडली; ते पत्र ऑक्टोबरमध्ये छापून आले आणि एका आडगावचा तंटा साऱ्या ब्रिटनच्या चर्चेचा विषय झाला.

मग उत्तरेकडील कॅव्हन व मोनाघन परगण्यांतून पन्नास स्वयंसेवक पीक काढण्यासाठी निघाले. त्यांच्या रक्षणासाठी सरकारने सुमारे एक हजार सैनिक व पोलीस पाठवले. स्थानकावरून पुढे गाड्या देण्यास कोणी तयार नसल्याने क्लेअरमॉरिसहून बॅलिनरोबपर्यंत भर पावसात पायपीट करावी लागली. गावचे पाद्री फादर जॉन ओमॅली यांनी लोकांना निक्षून सांगितले होते की, या पाहुण्यांच्या वाटेला जाऊ नका. गावकऱ्यांनी ते पाळले. सुमारे ५०० पौंडांचे पीक काढण्यासाठी सरकारचे किमान १०,००० पौंड खर्ची पडले. एकेका सलगमाला सरकारला एक शिलिंग पडला, अशी थट्टा पार्नेलने केली. नोव्हेंबर संपताना बॉयकॉट कुटुंबाने लॉफ मास्क सोडले. त्यांना नेण्यासाठी भाड्याची गाडीदेखील मिळाली नाही, लष्कराच्या रुग्णवाहिकेतून जावे लागले.

शब्दाचा जन्म

या लढ्याला नाव कसे मिळाले, ही हकिकत त्याहून बोधप्रद आहे. जेम्स रेडपाथ हा अमेरिकन पत्रकार त्या वेळी मेयोत फिरत होता. त्याने पुढे सांगितल्यानुसार, फादर ओमॅलींबरोबर जेवताना तो एका शब्दासाठी अडून बसला होता. कुळांनी केलेल्या कृतीसाठी इंग्रजीत 'ऑस्ट्रसाइझ' हा शब्द उपलब्ध होता. प्राचीन अथेन्समध्ये खापराच्या तुकड्यावर नाव लिहून नागरिकाला दहा वर्षे हद्दपार करीत. त्या खापराच्या ग्रीक नावावरून तो आला. ओमॅली म्हणाले की, हा शब्द इथल्या शेतकऱ्यांना कळायचा नाही. मग क्षणभर विचार करून त्यांनी सुचवले : या कृतीला 'बॉयकॉट करणे' असेच म्हणावे.

पंडितांच्या शब्दाला बाजूस सारून शेतकऱ्यांच्या तोंडी बसणारा शब्द निवडला गेला, हेच त्याच्या यशाचे मर्म होय. नोव्हेंबर १८८० मध्येच 'टाइम्स'च्या स्तंभांत तो क्रियापद म्हणून छापला गेला. पाहता पाहता फ्रेंच, जर्मन, डच, रशियन आदी भाषांनी त्याला आपापले प्रत्यय लावून घेतले. जपानीनेही तो स्वीकारला. गंमत अशी की, या घराण्याचे आडनाव मूळचे 'बॉयकॅट'. चार्ल्स नऊ वर्षांचा असताना, १८४१ मध्ये, ते बदलून 'बॉयकॉट' झाले होते. १८८१ मध्ये तो अमेरिकेला गेला तेव्हा लोकांची नजर टाळण्यासाठी त्याने प्रवाशांच्या यादीत नुसते 'चार्ल्स कनिंगहॅम' असे नाव लावले. आडनाव सर्वतोमुखी झाले होते आणि त्याच्या धन्यालाच ते उच्चारणे अवघड झाले होते. १८९७ मध्ये सफोकमध्ये तो वारला. तत्पूर्वीच, १८८१ च्या कायद्याने, आयर्लंडमधील कुळांना वाजवी खंडाचे व जमिनीवरील स्थैर्याचे संरक्षण मिळाले होते.

गोखल्यांची शंका, टिळकांचे उत्तर

भारतात हा शब्द येण्यापूर्वीच त्यामागील विचाराची बीजे महाराष्ट्रात रुजली होती. लोकहितवादींनी 'शतपत्रां'तून इंग्रजी मालाऐवजी देशी माल वापरण्याचा आग्रह धरला तो बॉयकॉट प्रकरणाच्या तीस वर्षे आधी. 'सार्वजनिक काका' म्हणजेच गणेश वासुदेव जोशी यांनी देशी मालाची दुकाने काढण्याची खटपट केली आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून ते खादी नेसून गेले. तेव्हा 'बॉयकॉट' हा शब्द जगात नव्हता; स्वदेशी मात्र पुण्यात होती.

शब्द आला तो १९०५ मध्ये. बंगालच्या फाळणीचा निषेध म्हणून ७ ऑगस्टला कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील सभेने विलायती मालाच्या बहिष्काराचा ठराव केला. त्याच वर्षी चीनमधील व्यापाऱ्यांनी अमेरिकेतील चिनी लोकांवरील निर्बंधांमुळे अमेरिकन मालावर बहिष्कार घातला होता; ते उदाहरण डोळ्यांसमोर होते. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून हा लढा महाराष्ट्राचा केला. ऑक्टोबरमध्ये, दसऱ्याच्या सुमारास, पुण्यात विनायक दामोदर सावरकर या फर्ग्युसन महाविद्यालयातील विद्यार्थ्याच्या पुढाकाराने विदेशी कपड्यांची होळी झाली. त्याबद्दल सावरकरांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावे लागले.

याच वर्षाच्या अखेरीस बनारसच्या काँग्रेस अधिवेशनात अध्यक्षपदावरून बोलताना नामदार गोखल्यांनी या शब्दाच्याच वंशावळीवर बोट ठेवले. 'बॉयकॉट' या शब्दाला त्याच्या उगमामुळे वाईट वास आहे. तो उच्चारताच दुसऱ्याचे नुकसान करण्याची सूडबुद्धी मनात येते. म्हणून देशी मालाच्या चळवळीला 'स्वदेशी' एवढेच म्हणावे, असा त्यांचा आशय होता. बंगालने केलेला बहिष्कार त्यांनी गैर ठरवला नाही. पण हे शस्त्र अगदी निर्वाणीच्या वेळीच उपसावे, त्यामागे असाधारण लोकक्षोभ हवा, आणि फसले तर होणारी हानी मोठी आहे, असे त्यांनी बजावले.

लोकमान्यांची भूमिका निराळी होती. २ जानेवारी १९०७ रोजी कलकत्त्यात केलेल्या भाषणात त्यांनी हा विचार मालाच्या पलीकडे नेला. मूठभर परकीयांचे राज्य चालते ते येथील लोकांच्याच साहाय्यावर. हे साहाय्य काढून घेण्याची शक्ती निःशस्त्र जनतेच्या हाती आहे आणि तेच बहिष्काराचे खरे स्वरूप आहे, असे त्यांनी मांडले. लॉफ मास्कच्या कुळांनी कारभाऱ्याबाबत जे केले, तेच एका राष्ट्राने राज्यकर्त्यांबाबत करावे, असा हा विस्तार होता. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण या चतुःसूत्रीत त्यामुळेच या शब्दाला मानाचे स्थान मिळाले. त्याची व्याप्ती किती असावी यावरचा वाद १९०७ च्या सुरत अधिवेशनातील फुटीच्या कारणांपैकी एक ठरला.

गोखले व टिळक यांपैकी बरोबर कोण, असा प्रश्न विचारण्याचा मोह होतो. देशाच्या इतिहासाने कौल टिळकांना दिला. १९११ मध्ये बंगालची फाळणी रद्द झाली. परंतु शब्दाच्या पोटात विष असू शकते ही गोखल्यांची शंका निराधार नव्हती. तिचा पुरावा विलायतेत शोधण्याची गरज नव्हती. तो महाराष्ट्रातल्या खेड्यांत होता.

तेच शस्त्र, उलटी दिशा

मराठीने 'बॉयकॉट'साठी 'बहिष्कार' हा संस्कृत शब्द योजला खरा; पण त्याला एक जुना मराठी जोडीदार होता, 'वाळीत टाकणे'. हुक्कापाणी बंद, रोटीबेटी बंद, लग्नमौतीला कोणी येणार नाही, ही शिक्षा गावकी आणि जातपंचायत शतकानुशतके देत आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२४ मध्ये संस्था स्थापन केली तिचे नाव 'बहिष्कृत हितकारिणी सभा'. १९२७ मध्ये पाक्षिक काढले त्याचे नाव 'बहिष्कृत भारत'. ज्या शब्दाने टिळकांच्या चतुःसूत्रीत राष्ट्राला बळ दिले, त्याच शब्दाच्या कर्मणी रूपात कोट्यवधी माणसांचे दुःख सामावले होते.

मुंबई सरकारने दलित व आदिवासींच्या स्थितीच्या चौकशीसाठी नेमलेल्या स्टार्ट समितीचे बाबासाहेब सदस्य होते. त्या समितीच्या १९३० च्या अहवालात सामाजिक बहिष्काराचे जे वर्णन आहे, ते लॉफ मास्कच्या हकिकतीशेजारी ठेवून वाचावे. शेतमजुराला काम बंद, वाण्याचे सामान बंद, वहिवाटीची वाट बंद. उघड मारहाणीपेक्षाही हे शस्त्र भयंकर आहे, कारण ते कायद्याच्या चौकटीत बसते, असा समितीचा निष्कर्ष होता. पुढे गोलमेज परिषदेसमोर बाबासाहेबांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली आणि त्यासाठी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला.

दुकान बंद, काम बंद, वाट बंद : कृती तीच. मग भेद कशात? मेयोतील कुळे दुबळी होती आणि ज्याच्या मागे जमीनदार, पोलीस व लष्कर उभे होते त्याच्याविरुद्ध ती एकवटली. खेड्यातील बहिष्कारात बलवान एकवटत होते आणि ज्याच्या मागे कोणीच नव्हते त्याला चिरडत होते. दुसरा भेद मागणीचा. कुळांची मागणी पंचवीस टक्के सुटीची होती. ती मान्य झाली असती तर बहिष्कार त्याच दिवशी संपला असता. अस्पृश्याला मात्र पाणवठा मागू नये, मान वर करू नये, एवढेच सांगितले जाई. जन्म बदलता येत नाही, म्हणून त्या बहिष्काराला शेवट नव्हता. विसाव्या शतकात युरोपनेही हे पाहिले. १ एप्रिल १९३३ रोजी जर्मनीत यहुदी दुकानांच्या दारांत गणवेशातील पहारेकरी उभे राहिले, तेव्हा सत्ताधारी पक्षानेच जन्मावरून नागरिकांवर बहिष्कार पुकारला होता. त्याची परिणती जगाला ठाऊक आहे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ मध्ये जातिबहिष्काराविरुद्ध कायदा केला. तो १९६२ मध्ये दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ पीडितांना विशेष कायद्याचा आधार नव्हता. रायगडसारख्या जिल्ह्यांतून गावकीच्या बहिष्काराच्या तक्रारी येत राहिल्या. अखेर महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा संमत केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१७ मध्ये तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे.

घोषणेची किंमत

आता आजच्या बहिष्काराकडे वळावे. चित्रपट, वस्तू, खेळाडू, देश, कशावरही बहिष्काराची हाक देणे आज एका बोटाचे काम झाले आहे. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात वीस भारतीय जवान हुतात्मा झाल्यावर चिनी मालावर बहिष्काराची हाक घरोघरी पोचली. तिच्यामागील संताप खरा होता. तथापि, २०१९-२० मध्ये चीनमधून होणारी आयात सुमारे ६५ अब्ज डॉलर होती. २०२३-२४ मध्ये ती १०० अब्ज डॉलरच्या वर गेली. याला कारण आहे. खेळणे किंवा दिव्यांची माळ नाकारणे ग्राहकाच्या हाती असते. परंतु औषधांसाठी लागणारी मूळ रसायने, विद्युत उपकरणांचे सुटे भाग आणि यंत्रे कारखाने विकत घेतात, आणि त्यांना देशी पर्याय उभा राहिल्याखेरीज ती आयात थांबत नाही.

स्वदेशीच्या पूर्वसूरींना हे पक्के ठाऊक होते. म्हणूनच अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी एकेक पैसा गोळा करून 'पैसा फंड' उभारला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना सुरू झाला. विलायती काच फोडण्यापेक्षा देशी काच घडवणे कष्टाचे असते. पण बहिष्काराला दात येतात ते त्यानेच. मेयोच्या गड्यांनीही मजुरीवर पाणी सोडले होते आणि बॅलिनरोबच्या दुकानदारांनी गिऱ्हाईक गमावले होते. ज्याची काहीच किंमत मोजावी लागत नाही, तो बहिष्कार केवळ आवाज ठरतो.

शब्दाच्या या प्रवासातून तीन कसोट्या हाती लागतात. बहिष्कार कोणाविरुद्ध आहे, आपल्याहून बलवानाविरुद्ध की दुबळ्याविरुद्ध? त्याची मागणी स्पष्ट आणि पुरी होण्याजोगी आहे काय? आणि त्याची किंमत कोण मोजतो, हाक देणारा की गल्लीतला भाजीवाला व रोजंदारीचा कारागीर? परराज्यसत्तेच्या अन्यायाविरुद्ध, स्वतः झीज सोसून, पर्याय उभारीत केलेला बहिष्कार या कसोट्यांना उतरतो. लोकमान्यांचा उतरला होता. जात, जन्म किंवा पंथ पाहून शेजाऱ्याचे दुकान टाळायला सांगणारा बहिष्कार पहिल्याच कसोटीवर पडतो, मग त्याला कितीही उदात्त नाव दिलेले असो. तो टिळकांचा वारसा सांगू शकत नाही. त्याचा वारसा गावकीचा आहे.

समाज संघटित करण्याचे व्रत घेतलेल्यांनी हा भेद इतरांहून अधिक जपायला हवा, कारण संघटित समाजाच्या हातात हे शस्त्र सर्वाधिक धारदार होते. फादर ओमॅलींनी शब्द दिला, पण त्याच वेळी गावाला हात आवरायलाही सांगितले. त्यांनी दिलेला शब्द जगाने उचलला. त्यांनी घालून दिलेला संयमही त्याच्याबरोबर उचलला पाहिजे.